नातीच्या पावलांनी मिरज

मिरजेला बाहेरगावचे लोक बहुधा दोन कारणांनी येतात. एक गाडी बदलायला, दुसरे दवाखान्यात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही वाटा इथल्या जंक्शनवर एकत्र येतात. आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या खेड्यांत घरातले माणूस अंथरुणाला खिळले की ‘मिरजेला न्या’ असे म्हणण्याची रीत पडली. तिसरे कारण सुरांचे. ते थोड्यांनाच ठाऊक असते, पण ज्यांना ठाऊक असते ते लांबून येतात.

आम्ही मात्र इथल्याच. आम्ही म्हणजे दोघी जणी: साठी ओलांडलेली नानी आणि साडेचार वर्षांची नात. लिहिण्याचे काम थोरलीचे. पण पाहण्याचे काम निम्म्याहून अधिक धाकटीने केलेले आहे. गेल्या वर्षीच्या जूनपासून मंगळवार, जुमेरात आणि शनिवार हे आठवड्यातले तीन दिवस आम्ही एकत्र काढतो. नातीची आई सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि या तीन दिवशी तिची ड्यूटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते. बाप चाकणच्या कारखान्यात. पंधरा दिवसांनी एकदा येतो. सकाळी साडेसातला आई पोरीला दारात सोडते, तिची वेणी आणि पाण्याची बाटली दोन्ही तपासते आणि सांगलीची बस पकडते. मग दिवस आमचा.

सुरुवातीला या दिवसांना एक अट होती. लेक म्हणाली होती, “अम्मी, घरात खेळवा, फार तर आपल्या गल्लीत. बाजारात, गर्दीत नेऊ नका.”

ही अट का, हे आम्हाला विचारावे लागले नाही. २००९ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली. संचारबंदी लागली, आजूबाजूच्या शहरांतही लोण पोचले. लेक तेव्हा दहावीत होती. शहाण्यासुरत्या मुलीला ज्या वयात गाव कळायला लागते, त्याच वयात तिने ते बंद खिडकीच्या फटीतून पाहिले. संचारबंदी शिथिल झाली की दूध आणायला कोण जाईल, यावर घरातल्या मोठ्यांची हलक्या आवाजातली बोलणी तिने ऐकली. नंतर गाव सावरले, दुकाने उघडली, शेजारी शेजाऱ्यांकडे येऊ-जाऊ लागले. पण काही माणसांच्या मनातली एखादी खिडकी बंदच राहते. लेक दवाखान्यात सगळ्या जातिधर्मांच्या रोग्यांची सेवा करते, रात्री-अपरात्री त्यांच्या उशाशी बसते. तरी पोरीचा हात धरून चौकात उभे राहायचे म्हटले की तिचा चेहरा बदलतो.

थोरलीने वाद घातला नाही. आईची भीती वादाने जात नसते. पहिले पंधरा दिवस आम्ही गल्लीतच खेळलो. पण मिरजेत राहायचे आणि गाडीची शिट्टी ऐकू यायची नाही, असे होत नाही. धाकटीचा आवडता शब्द ‘कायकू’. शिट्टी झाली की ती विचारायची, “नानी, गाडी कायकू चिल्लाती?” हा प्रश्न तिने आईलाही सलग आठ दिवस विचारला. शेवटी लेक म्हणाली, “बरं, स्टेशनवर न्या. पण फक्त स्टेशनवर.”

अशा रीतीने आमचा मंगळवार ठरला.

मंगळवार: जंक्शन

दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे, सावलीतला बाक धरायचा आणि बसायचे. सोबत पुडीत तासगावचे बेदाणे. एक गाडी, एक बेदाणा, हा धाकटीने केलेला नियम. मालगाडी लांब असते म्हणून तिला दोन.

लहान मुलाला स्टेशन दाखवायचे तर आकडे उपयोगाचे नाहीत, मापे लागतात. थोरलीच्या लहानपणी मिरजेत तीन रुंदीचे रूळ होते. बार्शी लाइटची अरुंद गाडी १९२७ मध्ये कुर्डुवाडीकडून मिरजेपर्यंत आली होती. बेळगावकडे मीटरगेज होते. आणि पुण्याचा मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. आता सगळीकडे एकच, रुंद. हे पोरीला कसे सांगायचे? आम्ही घरी गेल्यावर ओसरीत खडूने तीन जोड्या रेघा मारल्या. अरुंद रुळांत अडीच फुटांचे अंतर; त्यात धाकटी आडवी मावली नाही, पाय बाहेर आले. मीटरगेजच्या रेघांत जवळजवळ बरोबर बसली. ब्रॉडगेजचे साडेपाच फूट; त्यात थोरली झोपली आणि तरीही वर चार बोटे जागा उरली. त्या दिवसापासून धाकटी मीटरगेजला ‘मेरी गाडी’ म्हणते. तिची गाडी आता धावत नाही, याचे तिला वाईट वाटते.

या स्टेशनवर आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो आणि ऐकतो. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेतून लातूरसाठी पाण्याची गाडी सुटली. लातूरला त्या वर्षी नळाला पाणी उरले नव्हते. कृष्णेचे पाणी वाघिणींत भरले. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडीही धावली. पहिल्या गाडीतले पाणी आपल्या घरच्या बादलीने मोजले तर पंचवीस हजार बादल्या होतात. धाकटीला पंचवीस हजार म्हणजे काय ते कळत नाही. तिला बादली कळते. तिने विचारले, “पहली बादली किसकू दिये?”

याचे उत्तर थोरलीला ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही दोघींनी मिळून ते ठरवले: जिच्या घरी बाळ आहे तिला. मग दुसरी? जिची नानी म्हातारी आहे तिला. तिसरी? शाळेला. एक मंगळवार पूर्ण आम्ही प्लॅटफॉर्मवर बसून लातूरला पाणी वाटले. शेजारी बसलेल्या, गुलबर्ग्याकडच्या एका मावशींनीही दोन बादल्या वाटल्या.

त्यानंतर घरातला एक नळ बरोबर बंद होऊ लागला. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूचे पाणी उधळू नका, ही शिकवण आपण मुलांना तोंडपाठ करून देतो. तिचा अर्थ धाकटीला मिरज जंक्शनवर कळला.

शनिवार: सतारमेकर गल्ली

स्टेशनवर दोन महिने बिनघोर गेले, तेव्हा लेकीने दुसरी वाट मोकळी केली. आमच्या ओळखीच्या एका चाचांचे सतारमेकर गल्लीत दुकान आहे. ‘तिथे बसवा, चाचा आहेत,’ एवढीच तिची परवानगी होती. तेवढी पुरेशी होती.

मिरजेची वाद्ये भारतभर जातात, पण ती कशी बनतात हे मिरजेतल्याही अनेकांनी पाहिलेले नसते. वाद्य करणारी ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम कमी झाले. त्या काळात फरीदसाहेब आणि मोहिद्दीनसाहेब या भावांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला, आणि पटवर्धनांच्या संस्थानात त्या कलेला आश्रय मिळाला. नातीने चाचांना विचारले, “तलवार किदर गयी?” चाचा रंधा थांबवून म्हणाले, “बेटा, हात वही रहे, काम बदल गया.”

सतारीचा भोपळा खायचा नसतो. त्याचे कवच जाड असते. पंढरपूरकडच्या, भीमाकाठच्या रानांतून वाळलेले भोपळे येतात. धाकटीच्या डोक्याच्या तिप्पट मोठे. ते आधी पाण्यात भिजवतात, नाहीतर कापताना तडकतात. मग कापायचे, आतला वाळका गर आणि बिया काढायच्या, आतून खरवडायचे. तोंडावर लाकडाची तबली बसते. दांडी तुणाच्या लाकडाची. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, पडदे, घोडी, तारा. एका वाद्यावर एकच माणूस सगळे करीत नाही. एका हातून दुसऱ्या हाती जात जात ते पुरे होते. शनिवारी-शनिवारी गेल्यामुळे आम्हाला एकाच भोपळ्याचे सगळे वय पाहता आले. धाकटीने त्याला नाव ठेवले, दर वेळी सलाम केला, आणि एका शनिवारी तो दुकानात नव्हता. कलकत्त्याला गेला, असे चाचांनी सांगितले. तिने त्यासाठी दुआ केली.

सगळ्यांत अवघड काम जवारीचे. घोडीचा वरचा भाग कानसेने असा घासायचा की तार त्यावर टेकते तिथे सूर लगेच मरत नाही, रेंगाळतो. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. केसभर इकडे-तिकडे केला तरी आवाज बदलतो. ते करताना दुकानात कुणी बोलत नाही. साडेचार वर्षांची मुलगी पाच मिनिटे गप्प बसते, हे घरी कुणाला खरे वाटले नाही.

आणि सतारीच्या मुख्य तारांखाली आणखी बारीक तारा असतात, अकरा ते तेरा. त्या तरफेच्या. त्यांना सहसा कुणी छेडत नाही. वरची तार वाजली की खालची, त्याच सुराची तार आपोआप थरथरते. चाचांनी पोरीचा कान जवळ नेऊन हे ऐकवले, तेव्हा ती ओरडली, “हात नै लगाया तो बी बोलती!” त्यानंतर ती तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत आनंद झाला. पण नवी मुले या कामात कमी येतात, ही काळजी त्या आनंदातही होती. हात धरायला वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे थांबायला घरे तयार नसतात. आमची धाकटी मोठी होऊन कोण होईल ते अल्लाहला ठाऊक. पण सतार दुकानात टांगलेली सापडत नाही, ती कुणीतरी घडवतो, हे ती विसरणार नाही.

जुमेरात: दर्ग्याचे आवार

जुमेरातीला असरची नमाज झाली की आम्ही ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात जाऊन बसतो. मागणे अल्लाहकडे मागायचे आणि बुजुर्गांचा आदर करायचा, एवढे थोरलीने पोरीला सांगून ठेवले आहे. बाकीचे तिचे तीच पाहते.

ती आधी चपला पाहते. दाराशी सोडलेल्या चपलांत कोल्हापुरी असतात, रबरी असतात, शाळेचे बूट असतात, उंच टाचेच्या असतात. ‘ही कुणाची असेल?’ हा आमचा खेळ. मालक येईपर्यंत थांबायचे आणि आपला अंदाज बरोबर ठरला का ते पाहायचे. आम्ही बहुतेक वेळा हरतो. कुंकू लावलेल्या आजी, टोपीवाले आजोबा, जीन्स घातलेली पोरे, कडेवर बाळ घेतलेली सून, बुरख्यातल्या बाया. चपलेवरून माणूस ओळखता येत नाही, हे धाकटीने शोधून काढले आणि आम्ही ते मान्य केले.

इथल्या उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाची जुनी परंपरा आहे. थोरली ते लहानपणापासून पाहत आली आहे. ज्यांना गावोगावी वेशीबाहेर ठेवले जायचे, त्यांचा मान इथे पुढचा, ही गोष्ट पोरीला आताच सगळी समजणार नाही. पण चपला जोडणारे काका आणि गलेफ आणणारे काका यांच्यात तिला काही विसंगती दिसत नाही, हेही कमी नाही.

याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उत्तरेतल्या कैराना गावी १८७२ मध्ये जन्मलेला हा माणूस शेवटी मिरजकर झाला. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात, मद्रासच्या पुढे, एका लहानशा रेल्वेस्थानकावर त्यांनी प्राण सोडला. त्यांना मिरजेत आणून दफन केले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, १९०५ चा. बायकांनी तिकीट लावून, मानाने व्यासपीठावर बसून गावे, ही वाट तयार करणाऱ्यांत त्या होत्या. उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथे गाणे होते आणि लहानथोर गवई इथे हजेरी लावणे हा आपला मान समजतात.

धाकटीला यातले एकच पटले: हे आजोबा गाडीत बसून गेले आणि परत इथेच आले. “स्टेशनसे?” तिने विचारले. हो, स्टेशनवरूनच. तिचा मंगळवार आणि जुमेरात अशा जोडल्या गेल्या. नंतर तिने स्वतःहून सांगितले की सतारवाल्या चाचांचा तंबोरा या आजोबांना पाहिजे असणार. तेव्हा शनिवारही जोडला गेला. गाव पोरीच्या मनात असे उभे राहिले. कुणी शिकवले नाही. त्याच त्या वाटांनी पुन्हा पुन्हा गेल्याने झाले.

कमान

भाद्रपद जवळ आला. मिरजेची गणेश विसर्जन मिरवणूक मोठी असते आणि तिच्या वाटेवर उंच स्वागत कमानी उभ्या राहतात. आमच्या शनिवारच्या वाटेवर बांबू येऊन पडले. धाकटीने ते मोजले, वीसच्या पुढे तिला मोजता येत नाही म्हणून पुन्हा एकपासून मोजले. रात्री जेवताना तिने आईला सांगितले, “अम्मी, इत्ता बडा दरवाजा बनारे. घर नै, खाली दरवाजा! देखने चलो.”

लेकीचा हात ताटातच थांबला. कमान या शब्दाबरोबर तिला काय आठवले असेल ते आम्हाला ठाऊक होते आणि पोरीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘बघू’ म्हणून ती उठली. थोरलीने मध्ये तोंड घातले नाही.

रविवारी लेकीला सुट्टी होती. दुपारी ती स्वतःच म्हणाली, “चला, कुठे आहे तो दरवाजा?” आम्ही दोघींच्या तिघी झालो.

अर्धी कमान उभी होती. वर शिडीवर दोघे, खाली चार-पाच पोरे दोर धरून. लेकीने पोरीचे मनगट घट्ट धरले होते, इतके की पोरगी ‘अम्मी, दुखता’ म्हणाली. तेवढ्यात शिडीवरच्या मुलाने खाली पाहून हाक दिली, “ताई, पोरीला जरा बाजूला घ्या, बांबू येतोय.” लेकीने तिला बाजूला घेतले. बांबू वर गेला. पोरगी टाळ्या वाजवू लागली, तर खालच्या एका मुलाने तिच्या हातात दोराचे टोक दिले आणि म्हणाला, “धर, तूही ओढ.” तिने ओढल्यासारखे केले. आईने फोटो काढला.

एवढेच झाले. त्यात गोष्ट म्हणून सांगण्यासारखे काही नाही. पण परत येताना लेक वाटेत भडंग घ्यायला थांबली, भडंगवाल्याशी भाव करीत दहा मिनिटे बोलली, आणि त्याची मुलगी तिच्याबरोबर शाळेत होती असे निघाले. रात्री ती आईजवळ येऊन बसली. म्हणाली, “अम्मी, सोळा वर्षांत मी त्या चौकातून रोज बसने गेले. उभी नव्हते राहिले.”

आता आमच्यावर अट नाही. लक्ष्मी मार्केट आम्हाला मोकळे आहे, कृष्णा घाट मोकळा आहे. घाटावर फक्त पाण्याजवळ जायचे नाही, कारण कृष्णेत मगरी आहेत, आणि ही भीती खरी असल्याने आम्ही दोघीही ती पाळतो.

आम्ही आज्या

आपल्याकडे नानी-दादीकडे मूल ठेवणे म्हणजे ‘सांभाळायला ठेवणे’ असे बोलतात. पिशवी सांभाळावी तसे. मूल पडू नये, उपाशी राहू नये, संध्याकाळी होते तसे परत द्यावे. मग दिवस मोबाइलच्या पडद्यावर ढकलणे सोपे वाटते आणि गुडघे दुखणाऱ्या आम्हा आज्यांना दोष तरी कसा द्यावा?

पण आपल्या घराण्यांची रीत वेगळी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांची माता त्यांच्या वयाच्या सहाव्या वर्षी वारली, तेव्हा आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी त्यांना आपल्याजवळ घेतले. पुढे प्रेषित (स.) स्वतः आजोबा झाले, तेव्हा नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज अदा केली, सजद्याला जाताना तिला खाली ठेवीत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तर त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. नातवंडाला दूर ठेवून इबादत, असे त्यांनी केले नाही. तर मग आपल्या भाजी आणण्यात, बँकेत जाण्यात, वाद्यवाल्या चाचांकडे बसण्यात मूल का नसावे?

वर्षभरात आम्ही जे शिकलो ते साधे आहे. दिवस ठरलेले असावेत; मुलाला वार कळत नाही, पण ‘आज गाडीचा दिवस’ कळतो. रोज नवी जागा शोधू नये. त्याच जागी दहा वेळा जावे, म्हणजे अकराव्या वेळी मूल आपल्याला दाखवू लागते. मुलाच्या आईबापांच्या मर्जीबाहेर जाऊ नये. ते चूक असले तरी नाही. त्यांना मुलाच्या तोंडूनच वाट दिसू द्यावी. आणि मुलासमोर कुठल्याही गल्लीला ‘त्यांची’ म्हणू नये. मूल तो शब्द आपल्याकडूनच शिकते.

आणखी एक, लेकीसुनांसाठी. आई किंवा सासू म्हणजे फुकटची आया नव्हे. आमच्या घरी रविवार आणि सोमवार थोरलीचे. त्या दिवशी ती कुरआन वाचते, बहिणीकडे जाते, दुपारी झोपते. बुधवार-शुक्रवारी आईच्या ड्यूटीच्या वेळा वेगळ्या, तेव्हा मामी पाहते. थकलेल्या आजीच्या हातात मूल दिले तर दोघांचाही दिवस वाया जातो. ठरलेले तीन दिवस आनंदाने होतात, सातही दिवस झाले असते तर ओझे झाले असते.

आता हे दिवस थोडेच उरले आहेत. येत्या जूनमध्ये लेक पुण्याला जाणार. बदलीच्या जागी काम मिळाले आहे, पोरीची शाळाही तिथे ठरली आहे, आणि बापलेकीने पंधरा दिवसांनी भेटावे हे किती दिवस चालायचे? जायलाच पाहिजे. थोरली हे सगळ्यांना हसून सांगते आणि रात्री तिला झोप लागायला वेळ लागतो. साडेचार वर्षांच्या मुलाला पुढे काय आठवते? गाडीचा नंबर आठवणार नाही. चाचांचे नाव, खाँसाहेबांचे साल, लातूरच्या बादल्या, यातले बरेच पुसून जाईल. पण अनोळखी माणसाने हातात दोर दिला तर तो धरायचा असतो, हे हातात राहील, अशी उमेद आहे. हात न लावताही तार बोलते, हे तिनेच तर आम्हाला सांगितले.

पुण्यात तिची दादी आहे. तिथे आठवड्यातले दोन दिवस दादीचे असणार. आम्ही दोघींनी मिळून दादींसाठी एक यादी केली आहे. धाकटीने सांगितले आणि थोरलीने लिहिले. बेदाणे किती, ‘कायकू’ला उत्तर कसे द्यायचे, चपलांचा खेळ कसा खेळायचा, सगळे त्यात आहे. शेवटी विचारले आहे की तुमच्या घराजवळ पायी जाण्यासारखे काय काय आहे?

दादींचे उत्तर आले आहे. खडकी स्टेशन दहा मिनिटांवर आहे म्हणतात.